रस्ता तुमच्या ताब्यात आहे : पुण्यातल्या इंटरनेट पुरवठादारांना खुलं पत्र

प्रति,
पुणे शहर व जिल्ह्यातले इंटरनेट सेवा पुरवठादार, त्यांचे फ्रँचायझी केबलचालक आणि तिथले नेटवर्क इंजिनिअर यांस

सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे पत्र स्पीडबद्दल नाही, हे आधीच सांगून टाकतो. खांबांवरून लोंबणाऱ्या वायरींबद्दल नाही आणि रस्ता खणला की तुटणाऱ्या फायबरबद्दलही नाही. त्या तक्रारी तुम्ही रोज ऐकता. भर पावसात शिडीवर चढून स्प्लायसिंग करून देणारी तुमची पोरं पाहिली की त्यातल्या निम्म्या तक्रारी करायची लाजच वाटते. मी कोथरूडला राहतो आणि पोटापाण्यासाठी नेटवर्कचंच काम करतो, त्यामुळे तुमची बाजूही मला ठाऊक आहे. मला बोलायचंय ते त्या फायबरमधून जाणाऱ्या पॅकेटबद्दल, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्याबद्दल. ते खऱ्या ठिकाणी पोचतंय की कुणा भलत्याच्या दारात, यातला बराचसा भाग फक्त तुमच्या राउटरवर ठरतो. ग्राहकाने कितीही अँटिव्हायरस घेतले तरी तिथे त्याचा हात पोचत नाही.

हा विषय काढला की एक ठरलेलं उत्तर येतं. "अहो, आता सगळं एचटीटीपीएसवर चालतं. मधे कोण काय वाचणार?" एचटीटीपीएस म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातलं बोलणं कुलूपबंद करायची पद्धत. या उत्तरात तथ्य आहे, म्हणूनच ते गळी उतरतं आणि विषय तिथेच संपतो. पण एन्क्रिप्शन, म्हणजे हे कुलूप, वरच्या थरात, ब्राउझर आणि ॲपमध्ये, का गेलं हे जरा आठवून बघा. १९९५ मध्ये आयपीसेकची पहिली मानकं आली तेव्हा कल्पना अशी होती की नेटवर्कच्या थरातच प्रत्येक पॅकेटवर मोहोर असेल, हवं तर ते बंदही असेल, आणि वरच्या ॲपला त्याची फिकीर करावी लागणार नाही. आयपीव्ही६ या इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीत तर आयपीसेक सक्तीचं ठेवलं होतं. सक्ती कागदावर राहिली आणि डिसेंबर २०११ मध्ये मानकातूनही ती सैल करून 'असावं' एवढ्यावर आणली. आज आयपीसेक आहे ते ऑफिसांच्या व्हीपीएनमध्ये, नाहीतर मोबाइल कंपन्यांच्या आतल्या जाळ्यात. सर्वसामान्य माणसाचं संरक्षण ब्राउझरने केलं. ते चांगलंच झालं, पण खालचा थर जसा होता तसाच राहिला आणि त्याची काळजी आता वरचा थर घेतोय, असा एक सोयीस्कर समज पसरला.

खालच्या थरातली सगळ्यात उघडी जागा म्हणजे बीजीपी, कुठला पत्ता कुठल्या वाटेने सापडेल हे एक नेटवर्क दुसऱ्याला सांगतं ती पद्धत. १९८९ च्या जानेवारीत टेक्ससमधल्या ऑस्टिनला एका बैठकीच्या वेळी कर्क लॉखीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर कागदी नॅपकिनांवर त्याचा आराखडा मांडला. त्याच वर्षी बेल लॅब्जमधल्या स्टीव्हन बेलोव्हिन यांनी टीसीपी/आयपी या इंटरनेटच्या मूळ नियमांतली भोकं सविस्तर दाखवणारा निबंध छापला होता. तरी बीजीपीत एक गोष्ट आली नाही ती नाहीच : "हा पत्ता माझा" असं सांगणाऱ्याला "कशावरून?" असं विचारायची सोय. सदाशिव पेठेत नवख्याने एखादा वाडा विचारावा, चौघांनी चार दिशा दाखवाव्यात आणि ज्याने सगळ्यात बारीक खूण सांगितली त्याच्यामागे त्याने निमूट चालू लागावं, असा हा कारभार आहे. १०२४ पत्त्यांचा ब्लॉक खऱ्या मालकाने जाहीर केला असेल आणि त्यातल्याच २५६ पत्त्यांवर दुसऱ्या कुणी हक्क सांगितला, तर जगभरचे राउटर त्या दुसऱ्याकडे वळतात, कारण त्याची खूण जास्त नेमकी.

२४ फेब्रुवारी २००८ ला नेमकं हेच झालं. पाकिस्तान टेलिकॉमला देशापुरतं यूट्यूब बंद करायचं होतं. त्यांनी यूट्यूबच्या ब्लॉकमधले २५६ पत्ते स्वतःच्या नावाने जाहीर केले, ती घोषणा त्यांच्या अपस्ट्रीमने, म्हणजे त्यांना जगाशी जोडणाऱ्या मोठ्या कंपनीने, न तपासता पुढे ढकलली आणि सुमारे दोन तास जगातलं यूट्यूब इस्लामाबादच्या दिशेने वाहून गेलं. हे जुनं झालं म्हणाल तर आपल्याकडचं सांगतो. १६ एप्रिल २०२१ ला व्होडाफोन आयडियाच्या एएस ५५४१० मधून (एएस म्हणजे एक स्वतंत्र नेटवर्क, त्याला क्रमांक असतो) तीस हजारांहून जास्त परके प्रिफिक्स, म्हणजे दुसऱ्यांच्या पत्त्यांचे ब्लॉक, चुकून जाहीर झाले. कुणी डाव टाकला नव्हता, चूक झाली होती. पण शेजारच्या नेटवर्कने पिअरवर, म्हणजे थेट जोडलेल्या नेटवर्कवर, कमाल प्रिफिक्सची मर्यादा घातली असती तर ती चूक पहिल्याच वळणावर अडली असती. ही मर्यादा घालायला राउटरवर एक ओळ लागते. तुमच्या किती पिअरवर ती आहे, हे हे पत्र वाचून झाल्यावर पाहाल का?

आता त्या एचटीटीपीएसच्या कुलपाकडे येतो, कारण खरी गोम इथे आहे. ब्राउझर कुलूप दाखवतो ते साइटचं ओळखपत्र, म्हणजे सर्टिफिकेट, पाहून. सर्टिफिकेट देणारी संस्था अर्जदाराला म्हणते, तुझ्या सर्व्हरवर अमुक फाइल ठेव, मी येऊन बघते. ती बघायला येते कुठून? याच रस्त्यांवरून, याच बीजीपीच्या भरवशावर. रस्ता थोडा वेळ चोराकडे वळला तर तपासणीही चोराच्या दारात होते आणि त्याला अगदी अस्सल सर्टिफिकेट मिळतं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये स्वतःच्याच डोमेनवर, कुणाचं नुकसान न करता, हे करून दाखवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये दक्षिण कोरियात ते खरोखर घडलं. काकाओ कंपनीच्या सर्व्हरचा रस्ता वळवून चोरांनी तिच्या नावाचं सर्टिफिकेट मिळवलं, काकाओची फाइल वापरणाऱ्या क्लेस्वॅप नावाच्या क्रिप्टो सेवेच्या पानात आपली स्क्रिप्ट घुसवली आणि सुमारे १९ लाख डॉलर उचलले. वापरणाऱ्याच्या पडद्यावर कुलूप शाबूत होतं. त्याने काय सावधगिरी बाळगायला हवी होती? मला तरी एकही सांगता येत नाही. लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने २०२० पासून तपासणी एकाच वेळी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून करायला सुरुवात केली आणि २०२५ पासून बाकीच्या संस्थांनाही तसं करणं भाग पडलं आहे. हा उपाय चांगला आहे, पण तो चोरी अवघड करतो एवढंच. वळवता येणारा रस्ता वळवता येण्याजोगाच राहतो.

रस्त्यापुरतं औषध आरपीकेआय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी नाव ऐकलं असेल, थोड्यांनी केलंही असेल. पत्त्यांचा मालक सही करून एक निवेदन ठेवतो : हा ब्लॉक, हा एएस नंबर, आणि जास्तीत जास्त एवढ्या बारीक तुकड्यांपर्यंत. हा झाला आरओए. बाकीच्यांचे राउटर आलेला प्रत्येक रूट, म्हणजे रस्त्याची घोषणा, त्याच्याशी ताडून बघतात आणि जुळत नसेल तर इनव्हॅलिड म्हणून टाकून देतात. मे २०२४ मध्ये जगातले निम्म्याहून जास्त आयपीव्ही४ रूट आरओएखाली आले. म्हणजे हे आता प्रयोगशाळेतलं काम राहिलेलं नाही. जो अजून बाहेर आहे तो मागे राहिलेला आहे, एवढा सरळ हिशेब.

"माणूस नाही, पैसे नाहीत, राउटर जुना आहे." ऐकलंय सगळं. पैशांचं आधी. भारतात पत्ते सहसा आयरिन या इंटरनेट पत्त्यांच्या रजिस्ट्रीकडून मिळतात, आरओए त्याच खात्यातून करता येतो आणि त्यासाठी वेगळी फी मोजावी लागत नाही. ताडून बघायला लागणारं व्हॅलिडेटर सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ नेदरलँड्सच्या एनएलनेट लॅब्जचं रूटिनेटर, फुकट आहे आणि साध्या लिनक्स मशीनवर चालतं. राउटरचं म्हणाल तर छोट्या चालकांच्या रॅकमध्ये मायक्रोटिक कंपनीचाच राउटर असतो हे तुम्हीही जाणता आणि मीही. त्याच्या राउटर ओएस या प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीत आरपीकेआय नाही, सातव्या आवृत्तीत आहे. व्हॅलिडेटरशी सेशन जोडायचं आणि फिल्टरमध्ये इनव्हॅलिड आला तर रिजेक्ट, एवढं लिहायचं. अपस्ट्रीमकडून नुसता डिफॉल्ट रूट, म्हणजे 'सगळं माझ्याकडे पाठव' एवढंच, घेत असाल तर तुमच्या राउटरवर ताडून बघण्यासारखं काही येतच नाही. मग अपस्ट्रीमला ईमेल करून लेखी विचारा की तुम्ही इनव्हॅलिड टाकता का. बँडविड्थच्या दरावरून तासन्‌तास घासाघीस करणारे आपण हा प्रश्न विचारत नाही, याचं मला नवल वाटतं. आणि ज्यांच्याकडे स्वतःचा एएस नंबरच नाही, जे मोठ्या कंपनीची फ्रँचायझी चालवतात, त्यांनी तोच प्रश्न कंपनीच्या एरिया मॅनेजरला विचारावा. तो प्रश्न समजला नाही तर तो वरच्याला विचारेल, आणि तिथूनच कधीतरी काम सुरू होईल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. आरओएमध्ये कमाल लांबीचा रकाना असतो. पुढेमागे लागेल म्हणून लोक तिथे सरसकट २४, म्हणजे २५६ पत्त्यांच्या तुकड्यांपर्यंत, टाकून मोकळे होतात. करू नका. जे प्रिफिक्स खरोखर जाहीर करता तेवढेच लिहा. कारण आरपीकेआय फक्त शेवटचा एएस नंबर बघतं, मधला मार्ग बघत नाही. चोराने मार्गाच्या टोकाला तुमचाच नंबर चिकटवून तुमच्याच ब्लॉकचा बारीक तुकडा जाहीर केला आणि तुमच्या सैल आरओएने तेवढ्या बारीक तुकड्याला आधीच परवानगी देऊन ठेवलेली असली, की तो रूट व्हॅलिड ठरतो. दुसरी गोष्ट, ज्या खात्यातून आरओए करता ते खातं सांभाळा. ३ जानेवारी २०२४ ला ऑरेंज कंपनीच्या स्पेनमधल्या नेटवर्कचं रायप या युरोपातल्या रजिस्ट्रीवरचं खातं एका चोराने उघडलं. पासवर्ड होता 'रायपॲडमिन', ओटीपीची दुसरी पायरी लावलेली नव्हती. त्याने उलटसुलट आरओए करून ठेवले आणि कंपनीचे स्वतःचेच रूट इनव्हॅलिड ठरून काही तास ग्राहकांचं नेट कोलमडलं. कुणी म्हणेल, मग आरपीकेआय नकोच. मी म्हणतो, पासवर्ड धड ठेवा.

रस्त्यानंतर नावाचा प्रश्न, म्हणजे डीएनएस, साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता (आयपी) सांगणारी यंत्रणा. इथे मात्र माझी जुनी खदखद आहे.

घरच्या लाइनवर मी एक साधी परीक्षा घेतली. १९२.०.२.१ हा पत्ता फक्त दस्तऐवजांत उदाहरण म्हणून लिहायला राखून ठेवलेला आहे. इंटरनेटवर तिथे कुणीही राहत नाही. लॅपटॉपवरून 'डिग' ही डीएनएसला प्रश्न विचारणारी आज्ञा चालवून त्या पत्त्याला डीएनएस सर्व्हर समजून एका वर्तमानपत्राच्या साइटचा आयपी विचारला. उत्तर यायलाच नको होतं, काही सेकंदांनी टाइमआउट यायला हवा होता. उत्तर आलं, तेही पापणी लवायच्या आत, आणि बरोबर आयपीसकट. म्हणजे डीएनएसच्या पोर्ट ५३ वर जाणारं प्रत्येक पॅकेट मधेच पकडून माझा पुरवठादार स्वतःच्या सर्व्हरवरून उत्तर देतोय आणि पाठवणारा म्हणून त्या नसलेल्या पत्त्याची सही ठोकतोय. ग्राहकाने गूगलचा डीएनएस लावला काय किंवा क्लाउडफ्लेअरचा लावला काय, साधा डीएनएस असेल तर उत्तर यांचंच. अस्तित्वात नसलेलं नाव टाकलं तर 'नाही' असं सांगायच्या ऐवजी जाहिरातींचं पान उघडलं. ऑफिसला फोन केला. पलीकडून प्रश्न आला, "सर, नेट चालू आहे ना पण?" आहे म्हटल्यावर तिकीट बंद.

मला माहीत आहे, सरकारी आदेशाने काही साइट बंद कराव्या लागतात आणि त्यासाठी हे यंत्र बसवलं जातं. आदेश पाळायलाच हवेत. पण आपल्या सर्व्हरवर आपल्या नावाने नकार देणं वेगळं आणि ग्राहकाने तिसऱ्यालाच विचारलेल्या प्रश्नाला तिसऱ्याचं सोंग घेऊन उत्तर देणं वेगळं. चुकीच्या टायपिंगवर जाहिराती दाखवा, असा आदेश तर कुणीच काढलेला नाही.

बरं, उत्तर तुम्हीच द्यायचं ठरवलंय तर ते तपासून तरी द्या. इंटरनेटच्या मूळ झोनवर, म्हणजे नावांच्या सगळ्यात वरच्या यादीवर, १५ जुलै २०१० पासून डीएनएससेकची सही आहे; डीएनएससेक म्हणजे डीएनएसचं उत्तर अस्सल असल्याची सही. ज्या डोमेनने सही केलीय तिचं उत्तर वाटेत बदललं तर रिझॉल्व्हरला, म्हणजे ग्राहकासाठी नाव शोधून देणाऱ्या सर्व्हरला, ते कळू शकतं, पण त्याने बघायचं मनावर घेतलं तर. तुमच्या लाइनवर 'डीएनएससेक-फेल्ड डॉट ऑर्ग' ही साइट उघडून बघा. तिच्यावर मुद्दाम चुकीची सही ठेवलेली आहे. उघडली, तर तुमचा रिझॉल्व्हर सह्या बघत नाही. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या राखीव डोमेनवर जायला सांगितलं, कारण बँकेच्या नावाशी मिळत्याजुळत्या खोट्या साइटी काढून लोकांना गंडवलं जात होतं. नावाची राखण तिकडे चोख केली आणि त्या नावाचा पत्ता इकडे कुठल्यातरी कोपऱ्यातल्या न तपासणाऱ्या डब्याने सांगितला, तर त्या राखणीचा उपयोग अर्धाच.

डबा हा शब्द मुद्दाम वापरला. बऱ्याच ठिकाणी रिझॉल्व्हर म्हणून मायक्रोटिकमधलाच डीएनएस चालू ठेवलेला असतो. तो सह्या तपासत नाही. शिवाय त्यात 'अलाउ रिमोट रिक्वेस्ट्स' अशी एक चौकट आहे. ग्राहकांसाठी ती टिक करावी लागते, पण बाहेरच्या बाजूला फायरवॉल घालायला विसरलं की तो राउटर साऱ्या जगाला उत्तरं देत बसतो आणि दुसऱ्यावरच्या हल्ल्यात फुकटचा हमाल होतो. एखाद्या सर्व्हरवर अनबाउंड हे रिझॉल्व्हर सॉफ्टवेअर टाका, त्यात तपासणी चालू ठेवा आणि तो फक्त आपल्या ग्राहकांपुरता उघडा ठेवा.

हल्ल्यांचा विषय निघालाच आहे तर खोट्या पत्त्यांचंही बोलू. आयपी पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता पाठवणाराच लिहितो आणि वाटेतला राउटर सहसा तो वाचतही नाही. २८ फेब्रुवारी २०१८ ला गिटहब या प्रोग्रामरांच्या साइटवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा लोंढा आला, तो याच ढिलाईतून. हल्लेखोरांनी पाठवणारा म्हणून गिटहबचा पत्ता लिहून जगभरच्या उघड्या मेमकॅश्ड, म्हणजे तात्पुरती माहिती साठवणाऱ्या, सर्व्हरांना छोटे प्रश्न धाडले आणि त्या सर्व्हरांनी हजारो पटींनी मोठी उत्तरं इमानेइतबारे गिटहबच्या अंगावर ओतली. असा हल्ला करायला असं नेटवर्क लागतं, जे खोट्या पत्त्याचं पॅकेट बाहेर जाऊ देतं. ते अडवा, असं सांगणारी शिफारस मे २००० मधली आहे, बीसीपी ३८ या नावाने ओळखली जाते. पंचवीस वर्षं उलटून गेली.

"आमच्याकडे सीजीनॅट आहे, खोटा पत्ता बाहेर जाईलच कसा?" सीजीनॅट म्हणजे अनेक ग्राहक एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणं. हा प्रश्न मला चांगल्या अनुभवी इंजिनिअरांनी विचारलाय. जातो. नॅटचा नियम बहुधा १००.६४ ने सुरू होणाऱ्या तुमच्या आतल्या रेंजपुरता लिहिलेला असतो. ग्राहकाच्या मशीनमधल्या व्हायरसने पाठवणारा म्हणून भलताच पत्ता लिहिला तर तो नियम त्या पॅकेटला लागूच होत नाही आणि ते जसंच्या तसं अपस्ट्रीमकडे जातं. मायक्रोटिकचं विनबॉक्स उघडा, आयपी, त्यात सेटिंग्ज. तिथे खोट्या पत्त्याची पॅकेटं गाळणारा 'आरपी फिल्टर' दिसेल, मुळात 'नो' वर असतो. ग्राहकांच्या बाजूच्या राउटरवर तो 'स्ट्रिक्ट' करा. दोन अपस्ट्रीम असतील आणि पॅकेटं एका वाटेने जाऊन दुसरीने परत येत असतील तर स्ट्रिक्टने घोळ होईल. तिथे फायरवॉलमध्ये एक नियम घाला : ज्याचा सोर्स, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता, आपल्या रेंजमधला नाही ते बाहेर जाणार नाही. आधी नुसती मोजणी लावून दोन दिवस आकडा बघा. काय काय बाहेर चाललं होतं ते पाहून तुम्हीच चकित व्हाल.

घरोघरी बसवलेल्या ओएनयूबद्दल, म्हणजे फायबर जिथे येतं त्या घरातल्या डब्याबद्दल, थोडक्यात. सगळ्यांना एकच ॲडमिन पासवर्ड देऊ नका आणि दुरून देखभाल करायचं पोर्ट ७५४७ सगळ्या जगाला उघडं ठेवू नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर याच पोर्टावरच्या हल्ल्याने आडवे झाले होते.

पुण्यात सायबर सुरक्षा म्हटलं की कुणीतरी ऑगस्ट २०१८ च्या कॉसमॉस बँकेच्या दरोड्याची आठवण काढतंच. त्यात ९४ कोटी ४२ लाख गेले. पण तो दरोडा रस्त्यावरचा नव्हता. बँकेच्या आतल्या यंत्रणेत मालवेअर शिरून मुख्यतः एटीएमच्या व्यवहारांना खोटी मंजुरी मिळत गेली. बीजीपी किंवा डीएनएस नीट असतं तर तो टळला असता, असा दावा मी करणार नाही आणि तुम्हाला भीती घालून काम करून घेण्यातही मला रस नाही. तसंच सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश पाळले की झालं, असंही समजू नका. सहा तासांत कळवा, १८० दिवस लॉग ठेवा, घड्याळं सरकारी एनटीपीशी, म्हणजे वेळ सांगणाऱ्या सर्व्हरशी, जुळवा, हे सगळं घटना घडून गेल्यावर माग काढायला उपयोगी. मी ज्या कामांबद्दल लिहितोय ती त्याच्या आधीची आहेत.

ग्राहक विचारत नाहीत म्हणून तुम्ही करत नाही, हे मात्र मला मान्य आहे. स्पीड, ओटीटी आणि राउटर फुकट की विकत, यापलीकडे विचारणारा ग्राहक विरळा. म्हणून याच पत्रातून सोसायट्यांच्या चेअरमन-सेक्रेटरींनाही दोन शब्द. नव्या पुरवठादाराला गच्चीवर स्विच बसवायची आणि डक्टमधून फायबर ओढायची एनओसी देताना आपण लाइटबिल कोण भरणार एवढंच विचारतो. त्याच कागदावर तीन प्रश्न आणखी लिहा : तुमच्या सगळ्या प्रिफिक्सचे आरओए आहेत का, तुमचा रिझॉल्व्हर डीएनएससेक तपासतो का, आणि खोट्या सोर्सची पॅकेटं तुम्ही अडवता का. उत्तरं कळली नाहीत तरी चालेल, लेखी घ्या. सोसायटीत आयटीवाला एक तरी असतोच, तो वाचेल. महापालिका आणि तिच्या शाळा-दवाखान्यांसाठी लीज्ड लाइनची निविदा निघते, तिच्या तांत्रिक अटींतही हीच तीन वाक्यं घालता येतील. अपटाइमची टक्केवारी तिथे दशांश चिन्हासह असते, मग याला जागा का नसावी? निविदेत अट आली की माणूसही मिळतो आणि राउटरही बदलतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

तुमच्याकडून माझी मागणी एवढीच की या तिन्ही गोष्टींची आजची स्थिती तुमच्या वेबसाइटवर प्लॅनच्या दरांखाली लिहा. 'अजून केलेलं नाही' असं लिहिलंत तरी ते मला चालेल. न केलेलं लिहिणाऱ्याकडे मी लाइन घेईन. 'शंभर टक्के सुरक्षित' असं छापणाऱ्याकडे घेणार नाही.

आणि ज्या छोट्या चालकाला खरंच माणूस मिळत नाही, त्याच्याकडे रविवारी सकाळी येऊन बसायची माझी तयारी आहे. धायरी, वडगाव, वाघोली, कुठेही. पैसे नकोत, चहा पुरे. आरओए आणि आरपी फिल्टर एका बैठकीत उरकतात, रिझॉल्व्हरला थोडा जास्त वेळ लागतो. मी येण्याआधी फक्त आयरिनच्या खात्याचा पासवर्ड कुणाकडे आहे ते शोधून ठेवा. माझा अनुभव असा की तो बहुतेक वेळा नोकरी सोडून गेलेल्या इंजिनिअरकडे असतो, आणि ओटीपी त्याच्याच जुन्या मोबाइलवर जातो.

कळावे,
आपला,
एक ग्राहक आणि तुमच्याच धंद्यातला माणूस,
कोथरूड, पुणे